अमेरिकेतले नाझी आणि आपला डिकस्टीन

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार. 'अमेरिकेत नाझी कुठून आले?' या तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर आटोपणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

२० फेब्रुवारी १९३९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जर्मन अमेरिकन बुंडची, म्हणजे हिटलरला मानणाऱ्या जर्मन वंशाच्या अमेरिकनांच्या संघटनेची सभा. वीस हजारांवर माणसं, मंचामागे जॉर्ज वॉशिंग्टनचं भलंमोठं चित्र, आजूबाजूला अमेरिकी झेंडे आणि स्वस्तिकं! बुंडचा पुढारी फ्रिट्झ कून बोलत असताना इसाडोर ग्रीनबॉम नावाचा ज्यू प्लंबर मंचावर घुसला. कूनच्या माणसांनी त्याला तुडवला. पोलिसांनी ओढून नेताना बिचाऱ्याची पँटही उतरली, आणि वर दंड त्यालाच झाला.

हे पाच वर्षं आधीच ओळखणारा एक खासदार होता, सॅम्युएल डिकस्टीन. लिथुआनियात जन्मलेला ज्यू, न्यूयॉर्कचा. त्याच्याच आग्रहामुळे १९३४ मध्ये अमेरिकेतल्या नाझी प्रचाराची चौकशी करायला समिती नेमली गेली. अध्यक्षपद मात्र जॉन मॅकॉर्मॅक या दुसऱ्या खासदाराकडे गेलं, हा उपाध्यक्ष. याच समितीपुढे निवृत्त जनरल स्मेडली बटलरनं सांगितलं की, माजी सैनिकांची फौज उभारून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला बाजूला सारायचं काम एका रोखे विक्रेत्यानं त्याला देऊ केलं होतं. (मुसोलिनीविरुद्ध बोलला म्हणून याच बटलरला १९३१ मध्ये अटक झाली होती.) वर्तमानपत्रांनी टिंगल केली. समितीला मात्र त्याच्या सांगण्यात तथ्य आढळलं, तरी यामागे असल्याचा संशय होता ती बडी धेंडं मोकळीच राहिली.

१९३८ मध्ये खासदार मार्टिन डाइसच्या अध्यक्षतेखाली नवी चौकशी समिती आली. तीत डिकस्टीनला जागाच नाही! डाइसचा सगळा रोख कम्युनिस्टांवर.

आता खरी गंमत. सोविएत कागदपत्रं पुढे बाहेर आली, तेव्हा कळलं की १९३७ पासून हाच डिकस्टीन सोविएत हेरखात्याकडून महिन्याला १,२५० डॉलर घेत होता. त्यांनी त्याचं टोपणनाव ठेवलं होतं 'लबाड'. पैशाला फार हावरा, अशी त्यांचीच कुरकुर.

कूनला तुरुंगात धाडलं तेही कुठल्या चौकशी समितीनं नव्हे. त्यानं बुंडचाच पैसा खाल्ला होता, नोव्हेंबर १९३९ मध्ये तो त्यात दोषी ठरला.

तू डिकस्टीनला सरळ निकालात काढशील, मला ठाऊक आहे. मला मात्र १९३४ चा डिकस्टीन खोडून टाकता येत नाही. तेव्हा बाकीचे खासदार काय करत होते, ते आधी सांग, मग भांडू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुधीर