पर्शियन पिल्लू घेताना आई-बापाचा अहवाल मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमची पर्शियन मांजरी शेवंती गेल्या पावसाळ्यात गेली. सात वर्षांचीही झाली नव्हती. आधी पाणी फार प्यायला लागली; उन्हाळा आहे म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. मग खाणं सुटलं, वजन उतरलं. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट काम करेनाशी झाली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) खूप वाढलेलं निघालं आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं पाण्याच्या गाठींनी भरलेली दिसली. दोन महिने घरीच कातडीखाली सलाईन देत होतो. या आजाराला पीकेडी, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी डिसीज म्हणतात. त्यावर बरं करणारं औषध नाही, त्रास थोडा कमी करता येतो एवढंच.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हिला पिल्लं झाली होती का?" झाली होती, चार. चारही आम्ही मोठ्या हौसेने ओळखीत दिली होती.

हा आजार वंशातून येतो. पीकेडी-१ या जनुकातला बिघाड आई किंवा बाप, एकाकडूनच आला तरी पुरतो, म्हणजे आजारी मांजरीच्या दर पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. गाठी जन्मापासूनच असतात, पण वाढतात सावकाश. मांजर बरीच वर्षं धडधाकट दिसतं आणि तोवर त्याची दोन-चार वेतं होऊन गेलेली असतात. पूर्वी खात्रीसाठी पिल्लू दहा महिन्यांचं होईपर्यंत थांबून सोनोग्राफी करावी लागे. 2004 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील लेस्ली लायन्स यांच्या चमूने नेमका बिघाड शोधला आणि लहान पिल्लाचीही तपासणी शक्य झाली. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना पुरतो, तो टपालाने पाठवता येतो. त्या काळी अनेक देशांतल्या पाहण्यांत पर्शियन मांजरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मांजरांत हा आजार सापडला होता. हिमालयन, एक्झॉटिक आणि ब्रिटिश शॉर्टहेअर या मांजरांच्या जातींमध्येही तो आहे. (या तपासणीत हा एकच बिघाड कळतो, मूत्रपिंडाचे बाकीचे आजार कळत नाहीत.)

आपल्याकडे पर्शियन पिल्लू घेताना लोक चेहरा 'पंच' (चपट्या नाकाचा) की 'डॉल' (थोड्या उठावदार नाकाचा), रंग कोणता, लसीचं कार्ड आहे का, हे विचारतात. आम्हीही तेवढंच विचारलं. आई-बापाचा पीकेडी अहवाल मागणारा माणूस मला अजून भेटला नाही. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी 2017 साली केंद्राने नियम केले, मांजरांसाठी तसे वेगळे नियम नाहीत. तोवर गिऱ्हाइकानेच अहवाल मागायला हवा. बोका किंवा मांजरी पहिल्यांदा मेटिंगला देण्याआधी तपासून घ्यावी, दोष निघाला तर नसबंदी करावी. आणि कृपा करून अशा मांजराला घराबाहेर काढू नये. ते अनेक वर्षं सुखाने जगू शकतं. फक्त वेळोवेळी रक्त तपासत राहावं लागतं.

शेवंतीच्या तीन पिल्लांच्या घरी आम्ही स्वतः जाऊन हे सांगितलं. तिघांनीही तपासणी केली. दोन पिल्लांत दोष निघाला. त्यातला एक बोका पुढच्याच महिन्यात मेटिंगसाठी जाणार होता, त्याची आता नसबंदी झाली आहे. चौथं पिल्लू, पांढरी मांजरी, डाव्या कानावर करडा ठिपका, पाच वर्षांपूर्वी नाशिकहून नागपूरला गेलं. त्या कुटुंबाचा जुना नंबर बंद आहे. हे पत्र त्यांच्या वाचनात आलं तर त्यांनी तिची तपासणी जरूर करून घ्यावी, खर्च आम्ही देऊ.

आपली,
एक वाचक, नाशिक