पट्टी आत्ताच लाव

मखमलाबाद, नाशिक

चि. सागर यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालास, ‘ओमच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली की फार रडतो, पहिलीत गेला की बघू.’ फोनवर तुला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

आपल्या द्राक्षबागेत घड दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर, पण काडीच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, तो बांधला जातो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, दीड-दोन महिन्यांत. तेव्हा ढगाळ राहिलं की ऑक्टोबरात कितीही खतं ओत, काडी वांझच निघते. हे तुला मी काय सांगायचं?

मेंदूचंही तसंच. ह्यूबेल आणि विझेल या शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा शिवून बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदू त्याला ओळखेना. त्याची मेंदूतली जागा उघड्या डोळ्याने बळकावली होती. वयाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात तर तीन-चार दिवस बंद ठेवणंही पुरलं. मोठ्या मांजराचा डोळा महिनोन्‌महिने झाकला, तरी काही बिघडलं नाही. या कामाला 1981चं नोबेल मिळालं. (तुझ्या आईचा प्रश्न: ‘आणि त्या पिल्लांचं पाप कुणाला?’ मी गप्प.)

ओमच्या एका डोळ्याचा नंबर जास्त, म्हणून मेंदू दुसऱ्यावरच भागवतोय. चष्म्याने चित्र स्पष्ट होईल, पण सवय मोडायला चांगला डोळाच झाकावा लागतो. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच तास मात्र. उत्साहाच्या भरात दिवसभर झाकशील तर चांगला डोळाही मंदावू शकतो.

वयाच्या सातव्या वर्षानंतर दार बंदच होतं असं नाही. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या आपल्याकडच्या मोठ्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यातली बरीच बघायला शिकली, चेहरे-वस्तू ओळखू लागली. पण नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही. उशिरा कष्ट जास्त, पदरात कमी. ओम चार वर्षांचा आहे, आत्ताच का नको?

सूनबाईंना म्हणावं, रडणं माझ्यावर सोडा. दिवाळीत त्याला इकडे पाठवा. पट्टी लावून मणी ओवायला, चित्रं रंगवायला बसवतो. पट्ट्यांची पाकिटं पिशवीत टाकायला विसरू नकोस.

तुझे,
बाबा