कॅसोवरीला केळं भरवतानाचे फोटो कृपया छापू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांचे प्रवासातले फोटो येतात ते मी आवर्जून बघते. मागच्या वेळी त्यात ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सकडचा एक फोटो होता, एक बाई हात लांब करून कॅसोवरीला (तिकडच्या जंगलातला मोठा, न उडणारा पक्षी) केळं देतेय आणि खाली 'जंगलातला पाहुणा' असं लिहिलेलं. फोटो देखणा आहे, उजेडही छान पडलाय, पण तो बघून माझ्या पोटात गोळाच आला म्हणून हे पत्र लिहितेय. गेल्या जुलैत मी त्याच भागात एकटीने अकरा दिवस गाडी घेऊन फिरले, टेंटमध्ये राहिले, आणि गेलेच होते ते प्राणी-पक्ष्यांचे फोटो काढायला, त्यामुळे जरा हक्काने बोलतेय.

जुलै म्हणजे तिकडे कोरडा सीझन. नोव्हेंबर ते एप्रिल धो धो पाऊस असतो, डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळ आलं तेव्हा तर डेंट्री नदीच्या पलीकडचा रस्ता दरडी कोसळून बंदच पडला होता. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, ते सोपं आहे, पण दिवस मावळायला लागला की वॉलबी, म्हणजे छोटे कांगारूच, रस्त्यावर उड्या मारत येतात, म्हणून मी रोज पाचच्या आत कॅम्पसाइट गाठून टेंट लावून मोकळी व्हायचे. एकटं असलं की हे नियम स्वतःच स्वतःला घालून घ्यावे लागतात, मागच्या सीटवरून आठवण करून द्यायला कोणी नसतं.

पहिले चार दिवस अ‍ॅथर्टन टेबललँड्सवर होते. पठार आहे, समुद्रसपाटीपासून सातशेएक मीटर उंच, ट्रॉपिकल म्हणून नुसते टीशर्ट घेऊन जाल तर रात्रभर कुडकुडाल. तिथल्या शेतांत सारस आणि त्याच्यासारखाच दिसणारा ब्रोल्गा क्रौंच एकत्र चरताना दिसतात (लाल रंग मानेवर खाली उतरला असेल तर सारस, डोक्यापुरताच पट्टा असेल तर ब्रोल्गा, मला हे कळायला दोन दिवस लागले). पण मी थांबले होते प्लॅटिपससाठी, बदकासारखी चोच असलेला पाण्यातला सस्तन प्राणी. युंगाबरा नावाचं छोटं गाव आहे, तिथे पीटरसन क्रीकच्या काठाला उजाडायच्या आधी जाऊन बसायचं आणि हलायचं नाही. आधी पाण्यावर बुडबुड्यांची एक बारीक रेघ सरकत येते, मग चोच आणि चपटी ओली पाठ वर येते, गालात भरून आणलेले किडे आठ-दहा सेकंद चघळून होतात आणि पाठीची कमान करून परत बुडी. पाण्याखाली त्याचे डोळे, कान, नाक सगळं बंद असतं, भक्ष्याच्या स्नायूंमधली बारीकशी वीज चोचीला जाणवते आणि त्यावर तो शिकार करतो. पहिल्या दिवशी मी साठेक फोटो काढले आणि सगळ्यांत नुसते गोल तरंग. दुसऱ्या दिवशी कॅमेरा बाजूला ठेवून फक्त सेकंद मोजत बसले, कुठे बुडतो, किती वेळाने वर येतो, कुठल्या मुळाशी परत परत जातो. तिसऱ्या दिवशी मला माहीत होतं कुठे फोकस लावून ठेवायचा ते. त्यासाठी त्याला काही खायला टाकावं लागलं नाही की जवळही जावं लागलं नाही.

आता कॅसोवरीचं. तिथून खाली उतरून मी इनिसफेलजवळ एट्टी बेला गेले, तिथे जंगल थेट वाळूपर्यंत आलंय आणि कॅसोवरी बीचवर चालत येतात. एक कॅसोवरी आला तेव्हा मी चहा करत होते. उंची जवळजवळ माझ्याएवढी, काळे केसाळ पंख, निळी मान, गळ्याखाली लोंबणारी लाल कातडी, आणि पायाच्या आतल्या बोटाला सुरीसारखी नखी, ती बाराएक सेंटीमीटर असते म्हणे, मला तर त्याहून मोठीच वाटली. तो झाडाखालची फळं वेचायला गेला नाही. सरळ पिकनिकच्या टेबलाशी आला, तिथे दोन लहान मुलं सँडविच खात होती, आणि त्याने टेबलावर चोच मारायला सुरुवात केली. आईने मुलांना उचलून गाडीत कोंबलं म्हणून निभावलं. तो असा का आला, तर आधी कोणीतरी, आणि एकाने नाही, अनेकांनी त्याला टेबलावरून दिलेलं होतं. शेजारच्या टेंटमधल्या एका पर्यटकाला मी हे म्हटलं तर तो म्हणाला, अहो एवढ्याने काय होतंय, एखादं केळं तर आहे.

एवढ्याने काय होतं ते तिकडच्या लोकांनी मोजून ठेवलंय. क्वीन्सलँडमधल्या, म्हणजे त्याच राज्यातल्या, कॅसोवरींच्या २२१ हल्ल्यांचा अभ्यास १९९९ मध्ये छापून आला, त्यातले १५० माणसांवर झालेले आणि त्यातले ७५ टक्के अशा पक्ष्यांनी केलेले ज्यांना माणसांनी आधी खायला घातलं होतं. सवय लागली की पक्षी रस्त्याच्या कडेला, घरांच्या अंगणात यायला लागतो, मग गाडीखाली येतो नाहीतर कुत्र्यांच्या तोंडी सापडतो. खायला घातलेला कॅसोवरी म्हणजे मेलेला कॅसोवरी, असं तिकडे म्हणतातच. आणि कायद्यानेही बंदी आहे, पण दंडाची भीती घालायला मी हे लिहीत नाहीये.

फोटोसाठी जवळ जायचा मोह तर पाण्याच्या काठावरही होतो. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या भागात काठापासून निदान पाच मीटर लांब राहायचं आणि टेंट ५० मीटर लांब लावायचा अशी तिथली सूचना आहे, डेंट्री नदीच्या उतारावर तर बोर्डच लावलेत, तरी ट्रायपॉड घेऊन पाण्याला टेकलेले लोक मी बघितले. मगरीचा फोटो हवा असेल तर बोटीची सफर करा, मला तिथूनच मिळाला.

डेंट्री नदीवर पूल नाही, लोखंडी केबलवर ओढली जाणारी फेरी आहे, तिच्यात गाडी चढवून पलीकडे गेलं की फोनची रेंजही जवळपास संपते. नवव्या दिवशी सकाळी तिकडे रस्त्याच्या कडेला मला कॅसोवरीच्या विष्ठेचा एक ढीग दिसला, निळ्या क्वांडाँग नावाच्या जंगली फळाच्या बियांनी गच्च भरलेला, ताजा. गाडी बाजूला लावून काच खाली घेतली, खिडकीत तांदळाची पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवली आणि बसले. पावणेदोन तासांनी झाडीतून बाप बाहेर आला, मागे दोन पट्टेरी पिल्लं. अंडी उबवायचं आणि पुढे नऊएक महिने पिल्लं सांभाळायचं काम बापच करतो, मादी निघून जाते. त्या जंगलात रायपरोसा नावाचं एक झाड आहे, त्याचं बी नुसतं खाली पडलं तर शंभरातली चार उगवतात आणि कॅसोवरीच्या पोटातून आलं तर ९२, मला हे वाचून माहीत होतं पण त्या ढिगाशेजारी बसल्यावर ते खरं वाटलं. त्याने माझ्या गाडीकडे एकदा बघितलं, पिल्लांना पलीकडच्या बाजूला घेतलं आणि रस्ता ओलांडून गेला. त्याला माझ्याकडून काही नको होतं. मला तर रडूच आलं.

म्हणून दोन विनंत्या. एक, प्राण्याला खाऊ घालून काढलेला फोटो छापू नका, कितीही छान असला तरी, कारण तो बघून पुढचे दहा जण केळी घेऊन जातील. फोटोतल्या बाईंवर माझा राग नाही, त्यांना बहुतेक कोणी सांगितलंच नसेल. दोन, त्याच पानावर एक छोटी चौकट द्या, की कॅसोवरी समोर आला तर पळू नका, पाठ फिरवू नका, बॅग अंगापुढे धरून हळूहळू मागे सरका. आपले कितीतरी लोक आता केर्न्सला जातात, त्यांना कामी येईल.

सोबत त्या बापाचा आणि पिल्लांचा फोटो पाठवतेय. गाडीतून काढलाय, ४०० एमएम लेन्सने, फ्रेममध्ये पक्षी बराच लहान दिसतो. छापलात तर खाली तेवढं लिहा, आणि कृपया कापून मोठा करू नका.

आपली नेहमीची वाचक