कुलूप होतं, तरी मशीन मेली

मा. संपादक, स. न.

परवा तुमच्या पेपरात मोबाईलच्या सेक्युरिटी अपडेटवर छोटीशी बातमी होती, त्यात 'मेमरीतील त्रुटी' एवढ्यावर विषय संपवला. त्या दोन शब्दांपायी मी एकदा आख्खा मे महिना कळमना मार्केटात घामात काढलाय, म्हणून लिहितोय. मी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारे प्रोग्राम, लिहितो (गाडीचा ड्रायव्हर नव्हे, सोसायटीत हे अजून समजावतोच आहे).

एका अडत्याकडे यूएसबीचा वजनकाटा, लिनक्सच्या डब्याला (कम्प्युटरला) जोडलेला, ड्रायव्हर माझा. पोत्यांचं वजन चालू असताना हमालाचा पाय वायरीत अडकायचा, वायर निघायची आणि कधीकधी पूर्ण डबाच बसायचा. दहादा काही नाही, अकराव्यांदा खलास, आणि आमच्या ऑफिसात एकदाही नाही बाप्पा! मी म्हणत होतो लॉक तर लावलाय, रीड (काट्याचं वजन वाचणारा कोड) पण म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) घेतो, डिस्कनेक्ट (वायर निघाल्यावर चालणारा कोड) पण घेतो, मग काहून होते हे?

गडबड अशी होती की म्युटेक्स त्या डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमध्येच, म्हणजे त्याची माहिती ठेवलेल्या मेमरीच्या तुकड्यातच, होता. डिस्कनेक्टने लॉक घेतला, काम केलं, सोडला आणि केफ्री करून, म्हणजे ती मेमरी परत देऊन, मोकळा झाला, पण रीड त्याच लॉकसाठी बाहेर ताटकळत होता, तो जागा होऊन आत घुसला तोवर ती मेमरी कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) दुसऱ्याच कोणाला दिलेली. घराच्या दाराला कुलूप घालायचं आणि जेसीबीने दारासकट घर पाडायचं, मग किल्ली घेऊन उभं राहायचं, तसं. यालाच यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडलेली मेमरी पुन्हा वापरणं, म्हणतात. सापडलं ते कासानमुळे, २०१५ च्या लिनक्स ४.० पासून हा मेमरीचा तपासनीस कर्नलमध्येच आहे, चालवला की मशीन रांगते, मेमरीचा आठवा हिस्सा त्याच्या हिशेबातच जातो, पण मेमरी घेतली कोणी, सोडली कोणी आणि नंतर हात कोणी लावला हे तिन्ही सांगतो. तिन्ही ठिकाणी माझाच कोड निघाला.

म्हणजे लॉक दोघांची टक्कर थांबवतो, वस्तू जिवंत ठेवत नाही. जिवंत ठेवायला ती किती जण वापरताहेत याची मोजणी लागते, तिचं नाव केरेफ. प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडल्यावर) एक, डिव्हाइसची फाइल उघडली की अजून एक, बंद केली की एक कमी, वायर निघाली की एक कमी, आणि शून्य झाल्यावरच केफ्री. डिस्कनेक्टने लॉकखाली फक्त 'डिव्हाइस गेलं' अशी खूण करायची, झोपलेल्या रीडला उठवायचं, रीडने लॉक मिळाल्यावर आधी ती खूण बघायची. ओपनचं (ती फाइल उघडण्याचं) अजून एक लफडं आहे, यादीतून डिव्हाइस शोधणं आणि मोजणी वाढवणं एकाच बाहेरच्या ग्लोबल लॉकखाली पाहिजे, नाहीतर शोधता शोधताच शेवटचा वापरणारा निघून जातो आणि मेमरी सुटते. आणि वर्कक्यू (मागाहून करायच्या कामांची रांग) असेल तर केफ्रीआधी कॅन्सल-वर्क-सिंक (काम रद्द करणं, चालू असेल तर संपेपर्यंत थांबणं) करा, पण ते वर्क जो लॉक घेतं तोच हातात धरून नका करू, दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. मी तेही करून बसलोय, लॉकडेप (कर्नलमधला लॉकांचा तपासनीस) कोकलत होता, मी वाचलंच नाही.

आता तुमच्या बातमीकडे येतो. अँड्रॉइडच्या बाइंडर ड्रायव्हरमध्ये (ॲप्सना एकमेकांशी बोलू देणारा) हेच झालं होतं, थ्रेडचं स्ट्रक्चर सोडून दिलं पण त्याच्या आतल्या वेट क्यूकडे (वाट बघणाऱ्यांच्या रांगेकडे) ईपोल, म्हणजे कुठे काही घडलं का यावर नजर ठेवणारी कर्नलची सोय, अजून बोट दाखवत होता. लिनक्समध्ये दुरुस्ती २०१८ च्या सुरुवातीला झाली, ती कित्येक फोनांपर्यंत पोचलीच नाही, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-त्रुटी शोधणाऱ्या पथकाने जाहीर केलं की याचा गैरवापर चालू आहे. गूगलचा स्वतःचा पिक्सेल २ फोनसुद्धा त्यात होता.

आमच्याकडे इंटरव्ह्यूला पोरं येतात, म्युटेक्स आणि सेमाफोरमधला फरक धडाधड सांगतात, स्पिनलॉक धरून झोपायचं नाही हेही पाठ. पण ही मेमरी सोडणार कोण आणि कधी, विचारलं की पंख्याकडे बघतात. दोष पोरांचा नाही, व्हायव्हात कोणी विचारतच नाही. कर्नलच्या सोर्समध्येच यूएसबी-स्केलेटन नावाचा नमुना ड्रायव्हर आहे, त्यात म्युटेक्स आणि केरेफ दोन्ही आहेत. कॉलेजांनी एक प्रॅक्टिकल त्यावर ठेवावं, क्यूईएमयूमध्ये (कम्प्युटरमधल्या नकली कम्प्युटरमध्ये) कासान लावून केरेफ काढून टाकायचा आणि रीड चालू असताना डिव्हाइस उपटायचं, खर्च शून्य.

कळमन्यात वायर अजूनही निघते. आता फक्त स्क्रीनवर 'काटा जोडा' येतं, हमाल जोडतो आणि पुढचं पोतं टाकतो.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर