सव्याज शकुंतला

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

पत्र घरी आणून देता आलं असतं, पण पुण्यातल्या इतर भाषाशिक्षकांनीही ते वाचावं म्हणून इथं लिहिते आहे.

रसग्रहण म्हटलं की आमची नववीची मुलं ‘सुंदर वर्णन केले आहे’ एवढं लिहून मोकळी होतात. ही तक्रार मी तुमच्याकडे केली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही भिंतीवरची रविवर्म्याची शकुंतला काढून, सुती पिशवीत घालून वर्गात आलात. निवृत्त झालेला माणूस, उन्हात, तीन जिने चढून.

तुमची अट एकच होती. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही आणि ‘सुंदर’ हा शब्द लिहायचा नाही. मग प्रत्येकाला विचारलंत, ‘हे तुला कुठं दिसलं?’ हात मैत्रिणीच्या खांद्यावर, पाय उचललेला, पण डोळे पायाकडे नाहीत. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर बोलली नव्हती, म्हणाली, ‘राजा चित्रात नाही, पण तो कुठं उभा आहे ते तिच्या मानेवरून कळतं.’

त्यानंतर आपण कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकातल्या पहिल्या अंकाचा शेवट वाचला. पायात दर्भाचं टोक रुतलं, वल्कल फांदीला अडकलं, असं शकुंतला सांगते. तिथल्या रंगसूचनेत ‘सव्याजम्’ असा शब्द आहे. मुलं हसली, त्यांना बँकेचं व्याज आठवलं. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, फळ्यावर फक्त ‘निर्व्याज’ लिहिलंत. ‘निर्व्याज प्रेम!’ कुणीतरी ओरडलं, आणि व्याज म्हणजे बहाणा हे त्यांचं त्यांनीच शोधलं. ‘सव्याजम्’ हा शब्द तिथं कुणाच्याच तोंडी नाही. तो नटीनं अंगानं दाखवायचा, आणि चित्रकारानं रंगानं. त्या तासाला मला स्वतःला ही ओळ पहिल्यांदा कळली, सर. इतकी वर्षं मी ती नुसती वाचून पुढं जात होते.

एका मुलानं तर दुसऱ्या अंकावरच बोट ठेवलं. तिथं तिचं हे थांबणं राजाच विदूषकाला सांगतो, म्हणजे ती राजाची बाजू झाली ना? त्यावर दोन तास वाद चालला.

रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढं मळवलीला आला, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. लोणावळा लोकलनं जाणारी मुलं आता त्या स्टेशनवर खिडकीतून डोकावतात.

यंदाच्या उत्तरपत्रिकांत ‘सुंदर’ फार थोडं आहे. ‘कारण’ पुष्कळ आहे. हे तुमच्यामुळे झालं, आणि त्यासाठी मनापासून आभार.

तसबीर अजून आमच्या वर्गातच आहे. नवी नववी जूनमध्ये येईल, तोवर राहू द्याल का? आणि पहिल्या तासाला तुम्हीही याल ना?

आपली,
नववीची मराठीची शिक्षिका