‘कंदील’ हे नाव लिहिल्याबद्दल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्याला खासगीत पाठवता आले असते. परंतु आमची फजिती चारचौघांत झाली होती, तेव्हा आभारही चारचौघांतच मानावेत असे वाटले.

सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानाचा हिशोब एका वेब अॅप्लिकेशनवर चालतो, हे आपण जाणताच. गेल्या हंगामात हळदीची आवक ऐन भरात असताना त्यात हमालीच्या दराचा एक किरकोळ बदल झाला आणि त्या दिवसापासून शेतकऱ्यांच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदात, बारदान (रिकाम्या पोत्याचे वजन) दोनदा वजा होऊ लागले. तीन दिवसांनी एक शेतकरी वहीच्या पानावर केलेला स्वतःचा हिशोब घेऊन आला, तेव्हा कुठे आम्हाला ते समजले. तोवर 87 पट्ट्या गेल्या होत्या. फरकाची रक्कम चुकती करणे जड गेले नाही; प्रत्येकाला फोन करून आपलीच चूक सांगणे मात्र फार जड गेले.

ज्यांनी हे अॅप्लिकेशन बांधले, त्यांचे उत्तर एकच होते: “आमच्याकडे तर बरोबर दिसतंय.” चालू सर्व्हरवरची फाइल उघडायची, हवे ते बदलायचे आणि मिटायची, ही त्यांची कामाची रीत होती. एकाने बारदान वजनाच्या हिशोबात वजा केले, दुसऱ्याने पट्टी छापताना, आणि दोघांची गाठ कधी पडलीच नाही. सर्व्हरचा पासवर्ड मागितला की पासवर्डाऐवजी वार्षिक कराराचा मसुदा येत असे.

हे अॅप्लिकेशन सावरायला आपण आलात त्या दिवशी लॅपटॉप उघडण्याआधी आमच्या दिवाणजींना विचारलेत, “आजवर कोणकोणत्या पट्ट्या चुकल्या, आठवतं का?” दिवाणजींनी कपाटातून जुनी डायरी काढली. दोन तास आपण त्यांच्या शेजारी गादीवर बसून एकेक पट्टी उतरवून घेतलीत: 40 पोती, एकूण वजन 2,080 किलो, पोत्यामागे 1 किलो बारदान, म्हणजे निव्वळ 2,040. अशा 23 पट्ट्या आमच्या पहिल्या चाचण्या झाल्या.

मग आपण त्यांना समजावलेत, की यापुढे कोडमध्ये कोणताही बदल झाला तरी तो आधी गिटहबच्या (कोड जिथे ठेवतात त्या ऑनलाइन सेवेच्या) वेगळ्या यंत्रावर जाईल, तिथे तात्पुरता डेटाबेस उभा राहील, या सगळ्या पट्ट्या नव्याने काढल्या जातील आणि एक जरी चुकली तरी तो बदल सर्व्हरपर्यंत पोहोचणारच नाही. दिवाणजी क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे पेवात माणूस उतरायच्या आधी कंदील सोडतात, तसंच की!” त्यांचे उमेदीचे दिवस सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यांवर, गेले आहेत; 2005च्या महापुराने त्या पेवांची दैना केली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. बंद पेवातली हवा कोंदलेली असते. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही.

आपण हसला नाहीत. “अगदी तसंच,” म्हणालात, या चाचण्या चालवणाऱ्या फाइलमधले त्या टप्प्याचे इंग्रजी नाव खोडलेत आणि तिथे देवनागरीत ‘कंदील’ असे लिहिलेत. आता प्रत्येक वेळी पडद्यावर आधी ‘कंदील’ उजळतो, त्यावर हिरवी खूण उमटते आणि मगच नवी आवृत्ती सर्व्हरवर जाते.

बाकी सारे काम पैसे मोजून कोणाकडूनही करून घेता आले असते. ते एक नाव नव्हे. दुकानात संगणक आल्यापासून दिवाणजींना ज्याने त्याने “तुम्हाला नाही कळायचं, काका” एवढेच ऐकवले होते, आणि ऐकवणाऱ्यांत मीही होतो, हे इथे कबूल करतो.

आणखी एक गोष्ट. निघण्यापूर्वी आपण माझ्या पुतण्याकडून मुद्दाम बिघडलेली आवृत्ती मागे घेऊन जुनी पुन्हा चालू करण्याची तालीम तीनदा करून घेतलीत, सगळे पासवर्ड आमच्या खात्यात ठेवलेत आणि स्वतःचा प्रवेश स्वतःच्या हाताने काढून टाकलात. आपल्यावाचून कोणाचे अडू नये अशी तजवीज करून जाणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत, आणि बाजारात उमर गेलेला माणूस हे म्हणतो आहे.

गेल्या गुरुवारी पहिल्यांदा कंदील विझला. पुतण्याने पट्टीवर पोत्यामागचे सरासरी वजन दाखवण्याची सोय केली होती. पण डायरीतल्या एका पट्टीत माल सुटाच आला होता, पोती शून्य, आणि शून्याने भागायची वेळ येताच चाचणी कोसळली. तो बदल तिथेच थांबला. यार्डात कोणाला पत्ताही लागला नाही.

दिवाणजी ती डायरी आता कपाटात न ठेवता संगणकाशेजारी ठेवतात. तीत त्यांनी आणखी चार पट्ट्यांवर खुणा करून ठेवल्या आहेत. पुढच्या खेपेस सांगलीला याल तेव्हा त्या आपणच उतरवून घ्याव्यात, पुतण्याचे अक्षर त्यांना लागत नाही, असा त्यांचा निरोप आहे.

आपला ऋणी,
एक अडत दुकानदार, सांगली