आमच्या आरोग्य विभागांना एकत्र शिकायला लावणाऱ्या मार्गदर्शक मॅडमना खुले आभार पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शेजारच्या आरोग्य विभागांनी मिळून कामाची गुणवत्ता सुधारण्याचा जो उपक्रम आपल्या मार्गदर्शनाखाली हाती घेतला होता, त्याचा पहिला टप्पा पूर्ण झाला आहे. आपण जे केलेत ते बैठकांच्या इतिवृत्तांत पुरेसे उतरलेले नाही, म्हणून सर्व सहभागी विभागांच्या वतीने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

गोवराच्या संशयित रुग्णाची खबर मिळाल्यापासून त्याच्या संपर्कातील व्यक्तींपर्यंत आमचे कर्मचारी किती वेळात पोहोचतात, हा विषय आम्ही निवडला होता. या कामात तासांना किंमत आहे. लस न झालेल्या व्यक्तीला संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो, आणि लहान बाळे वा गर्भवती अशा जोखमीच्या व्यक्तींना इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यायचे तर त्यासाठीही जेमतेम सहा दिवसांची मुदत असते. प्रत्येक विभागाने आपापला आकडा आणला तेव्हा त्यांत एवढी तफावत दिसली की कोण तत्पर आणि कोण ढिसाळ हे तिथेच ठरून गेले असते. आपण ते ठरू दिले नाहीत. घड्याळ कुठून सुरू होते, एवढेच आपण विचारलेत. एका विभागात डॉक्टरांचा फोन आला ती वेळ धरली जात होती, दुसऱ्यात आवक नोंदवहीत शिक्का पडला ती, तर तिसऱ्यात प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला ती. शिवाय ‘पोहोचलो’ म्हणजे फोन लागला की प्रत्यक्ष भेट झाली, यावरही एकमत नव्हते. या दोन क्षणांची व्याख्या ठरवण्यातच पहिली बैठक गेली आणि काही सहकाऱ्यांना तेव्हा ते फार वेळखाऊ वाटले. आमच्या मते पुढचे सगळे काम उभे राहिले ते त्या बैठकीवरच.

लहान विभागांच्या वतीने आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. ज्यांच्याकडे महिन्याला चारच संशयित रुग्ण येतात, तिथे एकाला उशीर झाला की टक्केवारी १०० वरून ७५ वर येते आणि पुढच्या महिन्यात कोणी काहीही न करता पुन्हा चढते. अशा चढउतारावरून आजवर कर्मचाऱ्यांना शाबासकी मिळत आली आणि ज्ञापनेही. नेहमीचा चढउतार कोणता आणि खरोखर काही बदलल्याची खूण कोणती हे वेगळे काढता यावे म्हणून अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यातील उत्पादनासाठी नियंत्रण आलेख मांडला. तोच विचार आपण आम्हांला एका साध्या कालानुक्रमे काढलेल्या आलेखातून समजावलात. मध्यकाच्या, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांत मधोमध येणाऱ्या आकड्याच्या, एकाच बाजूला सलग सहा बिंदू पडल्याशिवाय सुधारणा झाली असे म्हणायचे नाही, हा दंडक आपण आमच्या वरिष्ठांनाही पाळायला लावलात, आणि ते सोपे नव्हते.

त्यानंतर आली ती चिठ्ठ्यांची भिंत. खबर विभागात आल्यापासून कर्मचारी बाहेर पडेपर्यंतची एकेक पायरी एकेका चिठ्ठीवर लिहून, तिच्याखाली प्रत्यक्ष कामाचा वेळ आणि नुसते थांबण्यात जाणारा वेळ असे दोन आकडे मांडायला आपण सांगितलेत. कामाचा वेळ बहुतेक ठिकाणी मिनिटांत होता. खोळंबा होता तो स्वाक्षरीशी. शुक्रवारी दुपारनंतर आलेला कागद सोमवारी उघडला जात होता. यावरचा उपाय कोणाला शोधावा लागला नाही, कारण सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या अधिकाऱ्याला स्वाक्षरीचे अधिकार देणारा लेखी आदेश एका विभागाकडे आधीपासूनच होता आणि तो इतरांना कधी दाखवावा असे त्यांनाही सुचले नव्हते. आपण मात्र तो आदेश सगळीकडे लागू करू दिला नाहीत. एका विभागाने एका शनिवार-रविवारी तो वापरून पाहावा, काय अडले ते लिहावे, मसुदा दुरुस्त करावा आणि मगच पुढच्या विभागाने तो उचलावा, असा क्रम आपण ठरवून दिलात.

एकत्र शिकण्याच्या सत्रांमधील काळात प्रत्येकाने आपल्या जागी प्रयोग करायचे, ही पद्धत अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट या संस्थेने १९९५ पासून रुग्णालयांसाठी रुजवली. ती आमच्याकडे टिकली याचे श्रेय आपण पहिल्याच दिवशी मान्य करून घेतलेल्या अटीला आहे: विभागांची क्रमवारी लावायची नाही आणि इथले आकडे कोणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाहीत. त्यामुळेच एका विभागाने आपला फसलेला प्रयोग मोकळेपणाने मांडला. त्यांनी कुटुंबांना मोबाइलवर संदेश पाठवले होते, पण नोंदवलेला क्रमांक बहुधा कामावर गेलेल्या माणसाचा असे आणि घरी मुलाजवळ असलेल्या व्यक्तीला तो संदेश संध्याकाळपर्यंत कळतच नसे. ते ऐकून बाकीच्यांनी तोच खर्च टाळला आणि दुसरा संपर्क क्रमांक घेण्याचा रकाना अर्जात घातला.

गोवरामागे धावताना नियमित लसीकरणाची सत्रे रद्द होत नाहीत ना, याचीही नोंद ठेवण्याचा आग्रह आपलाच. त्या नोंदीमुळे एका विभागाला मनुष्यबळाची वाटणी वेळीच बदलता आली.

आता पुढच्या टप्प्यासाठी आम्ही क्षयरुग्णांच्या घरातील व्यक्तींची तपासणी हा विषय घेतला असून, सत्रे आमच्यातलेच सहकारी चालवणार आहेत. ‘तपासणी पूर्ण’ कशाला म्हणायचे याच्या व्याख्येचा पहिला मसुदा आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवत आहोत. सवडीने वाचावा आणि नेहमीप्रमाणे त्यावर शंका काढाव्यात, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
सर्व सहभागी आरोग्य विभागांतील सहकारी